गोड बातमीच्या आधीची गोळी

ती. हेमाताईस,

नारायण पेठेतून धाकट्या शकूचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला ताळ्यावर असतील असं धरून चालते. (फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि भावोजी ऐकतात. हा विषय त्यांच्यासमोरचा नव्हे.)

अगं, मला जबरदस्त धक्का बसलाय. परवा स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे सूनबाईंच्या गोळ्या सापडल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दाखवल्या, तर म्हणाला, "फॉलिक ॲसिड. गरोदर बायकांना देतात." मी दुकानातच आजी झाले! आता आपल्याकडे तीन महिने बातमी फोडायची नाही, आणि सुनेनं सांगेपर्यंत सासूनं विचारायचं नाही. मी चकार शब्द काढला नाही. फक्त वैष्णवीच्या स्कूटरची किल्ली लपवली (बिचारी ऑफिसला उशिरा पोचली), घरातली पपई शेजारच्या सुंदराबाईंना देऊन टाकली आणि डोहाळजेवणाच्या झोपाळ्यासाठी मंडपवाल्याच्या कानावर घालून ठेवलं. तो मेला काल झोपाळा घेऊनच दारात उभा!

वैष्णवीनं झोपाळा पाहिला, मग मला पाहिलं. "आई, मला दिवस गेलेले नाहीत. त्या गोळ्या आधीच घ्यायच्या असतात."

आधी! ताई, मी झोपाळ्यावर मटकन बसले. दिवस जायच्या आधी कुणी औषध घेतं का? पोरगी थट्टा करतेय असं वाटून मी तिच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच घडतो, बहुतेकदा आईला पत्ता लागायच्या आधी. तेव्हा हे फॉलिक ॲसिड कमी पडलं तर कण्यात व्यंग राहू शकतं, म्हणून गोळी निदान महिनाभर आधीपासून हवी. म्हणजे आपण तीन महिने तोंडाला कुलूप लावून बसायचं, आणि आत मुख्य बांधकाम केव्हाच उरकलेलं! आपल्याला हे कुणीच कसं सांगितलं नाही? डिंकाचे लाडू तेवढे चारले, तेही बाळंतपण झाल्यावर. आणि आमचा समर्थ, ज्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, तो म्हणे बायकोला रोज गोळीची आठवण करतो.

तुझी,
शकू

ता. क. खरं काम असं. तुझ्या तनुजाचं लग्न तोंडावर आलंय. रुखवत बाजूला ठेव आणि आधी तिला डॉक्टरांकडे ने. लग्नाआधी पोरीशी असलं काय बोलायचं, म्हणून गप्प बसू नकोस. नातवंडाच्या कण्याचा प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. तुझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून मीच तनुजाला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, मी कधीच सुरू केल्यात. आईला सांगू नकोस, तिला धक्का बसेल." तेव्हा मी तुला काही सांगितलेलं नाही. आणि तू चहाच्या डब्यामागे बघू नकोस.