ऑरिनची दुनळी ट्वायलाकडे

बेलनॅप, वॉशिंग्टन राज्य
४ मार्च

चि. सौ. मॅक्सीन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला हकलबेरीचा मुरंबा पोचला. एक बरणी फुटली होती, पण दुसरी मी चमच्यानेच संपवत आणली आहे. इथे बर्फ वितळतंय, रस्ते चिखलाचे. ऑरिन गेल्यावर पडून असलेलं त्याचं प्राणवायूचं यंत्र कंपनीची माणसं घेऊन गेली. त्याची घरघर मला दीड वर्ष नकोशी होती. आता ती नाही, तर झोप लागत नाही.

आता मुद्द्याचं. गन क्लबवाले एप्रिलमध्ये ऑरिनच्या आठवणीसाठी नेमबाजी ठेवणार आहेत. त्या दिवशी तुमच्या पपांची दुनळी बंदूक टेबलावर मांडावी, असं क्लबातल्या म्हाताऱ्या व्हर्जिलने फोनवर सुचवलं. हरणांची रायफल ऑरिनने गुडघे गेल्यावर विकली, त्यामुळे घरात ती एकच बंदूक. मी किल्ली शोधून कपाट उघडलं. कपाट रिकामं. तेलाचा वासही उडालेला.

व्हर्जिलला पुन्हा फोन केला. तो आधी खोकला, मग हवापाण्याचं बोलला, आणि शेवटी म्हणाला की मला ठाऊक असेल असं त्याला वाटलं होतं. ती दुनळी ट्वायला शूमाकरकडे आहे. दर गुरुवारी क्लबात ती त्याच बंदुकीने हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडते.

ट्वायला तुला आठवत असेल. शाळेची बस चालवते ती. क्लबात नेम धरताना पाचांच्या रांगेत इतकी वर्षं ऑरिनच्या उजव्या हाताला उभी राहिलेली. मयताच्या जेवणाला बटाट्याचं मोठं भांडं घेऊन आली आणि माझ्यापेक्षा मोठ्याने रडली. लोक आधी तिला सावरायला गेले. ते रडणं माझ्या हक्काचं होतं.

मी लायब्ररीत जाऊन आपल्या राज्याचा बंदुकीचा कायदा काढून वाचला. दोन दुपारी गेल्या, पण कळला. बंदूक भेट द्यायची तर घरच्या माणसांना सरळ देता येते. त्यांची यादीच दिली आहे: नवरा-बायको, आईबाप, मुलं, भावंडं, मावश्या, काका, चुलत भावंडं. नणंद-भावजयसुद्धा आहे, बरं का. बाकी सगळ्यांनी परवानाधारक दुकानदाराकडे जाऊन घेणाऱ्याची सरकारी चौकशी करून घ्यायची. यादी मी तीनदा वाचली. बसवरची बाई तिच्यात कुठेच नाही. खरं सांगते, ऑरिन गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पुढच्या सोमवारी शेरीफकडे जाऊन तक्रार देणार आहे.

मुलांना आशीर्वाद. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
लिओनावहिनी

*

बिलिंग्ज, मोंटाना
९ मार्च

ती. लिओनावहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी देवाजवळ प्रार्थना केली की हे तुम्हाला सोमवारच्या आत मिळू दे. शेरीफकडे जाऊ नका. तो परवा-परवापर्यंत ट्वायलाच्याच बसने शाळेत जात होता. तुमचं ऐकून घेईल आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेलनॅपला जेवणाबरोबर तोंडी लावायला तुम्ही.

रागवू नका, पण ट्वायलावरचा तुमचा राग आजचा नाही. क्लबाच्या सहलीत ऑरिनदादाने तिने भाजून आणलेल्या ॲपल पायला छान म्हटलं, तेव्हा तुम्ही पुढचे सहा महिने त्याला पाय खाऊ घातला नव्हता. तो मला फोनवर रडकुंडीला येऊन सांगायचा की गुन्हा एका घासाचा आणि शिक्षा खुनाची. आणि तुम्हाला तरी त्याने किती वेळा क्लबात चला म्हटलं! तुमचं आपलं एकच, की त्या ठो-ठोमध्ये पुस्तक वाचता येत नाही.

तरीही पपांची बंदूक परक्या घरी आहे, हे मलाही आवडलेलं नाही. ती पपांनी दादाला दिली तेव्हा मी दाराआड उभी राहून ओठ चावले होते, कारण नेम माझा जास्त चांगला होता. म्हणजे जळण्यात तुम्ही एकट्या नाही. पण दादा नियमाला धरून चालणारा माणूस. लाल दिव्याला मध्यरात्री रिकाम्या चौकातही थांबायचा. आधी गावातल्या बंदुकीच्या दुकानात जाऊन विचारा.

हे साष्टांग सांगतात. तब्येतीला जपा आणि आमच्यावरची सावली काढू नका.

तुमची,
मॅक्सीन

*

बेलनॅप
१५ मार्च

चि. सौ. मॅक्सीन हिस,
आशीर्वाद.

गेले होते. दुकानदार म्हणाला की कागद त्याला दाखवता येणार नाहीत, पण सगळं रीतसर झालंय. दोघं बरोबर आली होती. चौकशी होईपर्यंत काउंटरशी उभी राहून कॉफी प्याली. ऑरिनने बंदूक तिच्या नावावर केली. उसनी दिली नाही, नावावर केली. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, डॉक्टरने फुप्फुसांचं सांगितलं त्याच आठवड्यात.

तो दिवस मला आठवतो. कोंबड्यांचं खाद्य आणायला जातो म्हणून गेला होता. आणि मॅक्सीन, तो खाद्य घेऊनच आला. पोतं मी स्वतः उतरवून घेतलं, आणि दमलास का म्हणून त्याला विचारलं.

कायदा मोडला असता तर मला चाललं असतं. या दोघांनी तो पाळला.

लिओना

*

बिलिंग्ज
२१ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीन दिवस स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं होतं. आता लिहिते, कारण तुम्ही जानेवारी म्हटलंत, डॉक्टरने सांगितलं तोच आठवडा म्हटलंत, आणि तिथे मी अडले.

आमच्या क्लाइडकाकांचं तुम्हाला माहीत आहे. ते कसे गेले ते आमच्या घरात कुणी उघड बोललं नाही. शिकारीतला अपघात म्हणायची पद्धत होती. त्यानंतर पपांनी एक केलं. ज्या हिवाळ्यात पीक बुडालं आणि ते घरात कुणाशी बोलेनासे झाले, त्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या सगळ्या बंदुका शेजारच्या नील्सनांकडे नेऊन ठेवल्या. आईला सांगितलं की त्यांच्याकडची जागा कोरडी आहे. गहू उगवल्यावर परत आणल्या. दादा तेव्हा त्यांच्याबरोबर गाडीत होता. त्या गावाकडचे पुरुष असंच करतात, वहिनी. रडणार नाहीत, डॉक्टरकडे जाणार नाहीत, पण एखाद्या दुपारी बंदूक घोंगडीत गुंडाळून शेजाऱ्याकडे देऊन येतील, आणि शेजारी काही विचारणार नाही.

दादानेही तेच केलं का, मला नक्की माहीत नाही. पण ट्वायलाकडे जा. कायद्याचं पुस्तक घेऊन नका जाऊ. जमलं तर पाय घेऊन जा.

तुमचीच,
मॅक्सीन

*

बेलनॅप
२ एप्रिल

चि. सौ. मॅक्सीन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाय नेला नाही. इतकी मी मोठी झालेली नाही. पण गेले.

ट्वायलाने दार उघडलं आणि मला पाहून तिथेच म्हणाली की ती माझीच वाट पाहत होती आणि मी यायला फार वेळ लावला. मग माझा कोट घेतला आणि रडू लागली. मी म्हटलं की रडायचं असेल तर मी नंतर येते. तेव्हा थांबली.

तुझा तर्क बरोबर होता. ऑरिन त्या दिवशी दुनळी घोंगडीत गुंडाळून तिच्या स्वयंपाकघरात आला. खुर्चीत बसला आणि कोट काढलाच नाही. म्हणाला की रात्री दोन वेळा तो उठून कपाटापर्यंत गेला होता, आणि तिसऱ्यांदा गेला तर काय करील याचा त्याला भरवसा नाही. आणि म्हणाला की सकाळी गॅरेजचं दार आधी लिओना उघडते. ती ते बघणार, हे त्याला नको होतं.

मी ट्वायलाला विचारलं की हे त्याने मला का नाही सांगितलं. तिने त्याला तेच विचारलं होतं म्हणे. तो म्हणाला की लिओनाला सांगितलं तर ती झोपणार नाही, खुर्ची टाकून रात्रभर माझ्यावर पहारा देईल. खरंच दिला असता. आनंदाने दिला असता. तो पहारा माझा होता, मॅक्सीन, आणि त्याने तो दुसरीला दिला.

दुकानात जायचा आग्रह त्याचाच. मन पालटलं आणि दारात येऊन मागायला लागलो तर देता येऊ नये, ती कागदावर तिचीच असावी, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा तो खरंच आला होता. त्या मार्चमध्ये. ट्वायलाने दाराला कडी लावली, गाडीत त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि त्याची जीभ शिव्या देऊन दमेपर्यंत ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने तिला अंडी पाठवली. ती अंडी मीच खोक्यात भरून दिली होती, आणि कुणासाठी म्हणून विचारलं तेव्हा क्लबासाठी असं ऐकलं होतं.

ती त्याच दुनळीने नेम धरते, कारण पडून राहिली तर गंजेल असं तो म्हणाला होता. तो गेल्यावर परत आणून द्यायचं तिच्या मनात होतं, पण का होती तिच्याकडे, हे सांगायचं नाही असं वचन दिलेलं. काय बोलून द्यावी कळेना, म्हणून सगळा हिवाळा बसवरून माझ्या घरापुढून जाताना मान खाली घालत होती.

मग ती आतून बंदूक घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. घेऊन जा म्हणाली. पण मी वाचलेली यादी मलाच आडवी आली. मी तिची कुणी नाही. आम्हाला दोघींना त्याच दुकानात, त्याच काउंटरशी उभं राहावं लागेल, आणि मी नवऱ्याची बंदूक परकी बाई म्हणून घेईन. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. मॅक्सीन, तुला हवी असेल तर तू मला कळव, नेम तुझा चांगला आहे.

डॉक्टरने सांगितल्यावर तो जवळजवळ दोन वर्षं जगला. त्या दोन वर्षांत तो शब्दकोड्यावरून माझ्याशी भांडला, त्याने खिडकीशी बसून मसुराचं शेत फुलताना पाहिलं, माझ्या हातची सूपं अळणी म्हणून नावं ठेवून संपवली. मी ती वर्षं आपली म्हणून जपली होती. आता कळतं की त्यातला एकेक दिवस ट्वायलाच्या कडी लावलेल्या दाराआडून मला मिळाला. हे मला गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. तिचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. मत्सर गेला असेल असं तुला वाटत असेल तर तसं नाही. पूर्वी मला वाटायचं की ती त्याच्याबरोबर हसली. आता माहीत आहे की तो तिच्यापुढे घाबरला. त्याचं घाबरणं मी साऱ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नाही.

निघताना तिला रविवारी जेवायला बोलावून आले. प्रेमाने नाही. त्याने त्या गाडीत काय काय शिव्या दिल्या, ते मी तिला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावणार आहे. एखादा शब्द तिने स्वतःकडे ठेवला असेल, आणि तो मला हवा आहे.

मुलांना पापे. वहिनी वेडी म्हणून का होईना, आठवण ठेव.

तुझी,
लिओना