गप्प बसायचा तास

३ मार्च

डेपोत फोन भिंतीवर आपटला म्हणे! म्हणजे माझ्या नवऱ्याने. जो घराचं दारसुद्धा हळू लावतो, त्याने. बसगाड्यांच्या वेळा लावायचं काम, सगळे त्याला कंट्रोलर म्हणतात. घरी लाडात आले की मीही म्हणते. दिवसभर एका कानात ड्रायव्हर ओरडतोय, दुसऱ्या कानात साहेब. आज एकाने शिवी दिली आणि ह्याचा तोल गेला. साहेबांनी तसंच डॉक्टरांकडे पाठवलं.

घरी आला तेव्हा चेहरा एवढासा झालेला. दारातल्या स्टुलावर बसून बुटाच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं. गोळ्या नकोत म्हणाले डॉक्टर. रोज संध्याकाळी तासभर झाडांत जाऊन बसा. दोघं जा. मोबाइल घरी ठेवा.

मी म्हटलं, एवढंच ना? पाण्याच्या टाकीमागे झाडी आहे, तळं आहे, उद्यापासूनच जाऊ.

"आणि बोलायचं नाही," तो म्हणाला. अजून नाड्याच सोडत होता. "तासभर अगदी गप्प बसायचं."

मला हसूच फुटलं. मी आणि गप्प! लॅबमध्ये कवळ्या बनवताना माझं तोंड अखंड चालू. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणते, बाई गं, दात लोकांचे बनवतेस आणि झिजतात तुझेच. पण डॉक्टर म्हणालेत म्हणजे पाळायचं.

म्हणून ही डायरी. लॅबला साच्यांचं प्लास्टर पुरवणाऱ्या कंपनीने नवीन वर्षाला दिलेली, कोरीच पडली होती. तिथे न बोललेलं कुठेतरी ओतायला हवं, नाहीतर माझं पोट फुगेल.

४ मार्च

मेले! तळ्याकाठी एक मोडका बाक आहे, त्यावर बसलो. एक खार आली, माझ्या चपलेचा वास घेऊन गेली. सांगायचं होतं. एक निळा पक्षी पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला. सांगायचं होतं! बाकाच्या कडेला कुणीतरी कुणाचं तरी नाव कोरून परत खोडलंय. त्यावर तर मी अर्धा तास बोलले असते. ओठ दाबून बसले. तो समोर पाण्याकडे बघत होता.

परत येताना फाटकाबाहेर पाय टाकला आणि सगळं भडाभडा सांगितलं. खार, पक्षी, नाव, सगळं. तो हं म्हणाला.

९ मार्च

एक गंमत. म्हणजे गंमत नाही, पण मला आवडतं ते.

तो झोपेत दात खातो. करकर, करकर. गेल्या वर्षी मीच त्याच्या दातांचा साचा घेतला, लॅबमध्ये बसून त्याला नाइट गार्ड बनवून दिलं. वरच्या दातांवर बसवायचं पारदर्शक कव्हर. रोज सकाळी ते मी धुते आणि खिडकीशी उजेडात धरून बघते. साहेबाशी वाजलं असेल तर दाढांपाशी खोल ओरखडे. सुट्टी असेल तर कमी. त्याने तोंड उघडून सांगायची गरजच नाही. नवरा कसा आहे हे बाकीच्या बायका चेहऱ्यावरून ओळखतात, मी गार्डवरून.

आज ओरखडे होते, पण उथळ. मी खूश.

१४ मार्च

आज तासभर एकदाही "हे बघ" आलं नाही तोंडात. शाबास गं बाई! मीच मला म्हणते, दुसरं कोण म्हणणार?

२३ मार्च, रविवार

आज लवकर गेलो. गर्दी नव्हती, एक म्हातारे काठी टेकत गेले तेवढेच. वारा असा होता की सगळं झाड एकदम बोलायचं आणि एकदम थांबायचं. मी डोळे मिटून ऐकत बसले. मला! ऐकायला आवडलं! ताईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. लहानपणी तिने मला गप्प बसायला चॉकलेट द्यायचं कबूल केलं होतं, ते अजून मिळालेलं नाही.

बाकावर पाखरांची घाण पडली होती. त्याने खिशातून रुमाल काढला, माझी बाजू पुसली, मग स्वतःची.  बसताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, तो तसाच राहू दिला त्याने. किती वेळ! लग्न झाल्यापासून आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो, खरं सांगते. मी बोलून बोलून मध्ये भिंत घालत होते की काय? ह्या गप्प बसण्यात केवढी माया आहे, मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला दिसलं नाही, बरं झालं.

२७ मार्च

लॅबमध्ये हल्ली डोकं दुखत नाही. ग्राइंडरचा आवाज तोच, मालकांची घाई तीच. एक कवळी परत आली, पेशंट म्हणतो हसलं की दात जास्त दिसतात. एरवी मी चिडले असते. आज म्हटलं, आणा, बसवू नीट. चष्मेवाली बघतच राहिली. तिला झाडीचं सांगितलं तर म्हणाली, माझ्या नवऱ्याला झाडीत नेलं तर तो तिथे झोपेल आणि घोरेल.

२ एप्रिल

गार्ड स्वच्छ!! उजेडात धरलं, उलटं केलं, लॅबमध्ये नेऊन भिंगाखाली घातलं. नवा ओरखडा एकही नाही. रात्री करकर नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मीही गाढ झोपते ना आता.

बरा झाला माझा कंट्रोलर. संध्याकाळी येताना केक आणला. कशाबद्दल, त्याने विचारलं. मी म्हटलं, दातांबद्दल. तो हसला नाही, पण खाल्ला.

६ एप्रिल

कसं लिहू.

रोजच्यासारखे गेलो. बसलो. तो निळा पक्षी नव्हता. जरा वेळाने त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "तुला एक सांगायचंय."

आणि मी काय केलं? मी मूर्खाने ओठांवर बोट ठेवलं. हसत! म्हणजे, बघ, आता तूच नियम मोडतोस.

त्याने माझं बोट धरून खाली घेतलं. म्हणाला, "मी बदली मागितली होती. मिळाली. दुसऱ्या शहरातल्या डेपोत." मी म्हटलं, मग जाऊ की, लॅब काय कुठेही असते, लोकांचे दात सगळीकडेच पडतात. तो पाण्याकडे बघत राहिला.

"मी एकटाच जाणार आहे."

मला कळलंच नाही आधी. मी सामानाचं बोलत होते. कपाट नेणार का, आरसा नेणार का. मग कळलं आणि बोलणं मध्येच बंद पडलं.

तो म्हणाला, इथे बसलं की छाती मोकळी होते. तासभर. मग घरी परतलं की परत दगड बसतो. आधी वाटायचं डेपोमुळे. इथे येऊन डोकं शांत झालं, तेव्हा कळलं की डेपोमुळे नाही.

"माझ्यामुळे?" मी विचारलं.

"तुझी काही चूक नाही," तो म्हणाला. हळू, प्रेमाने म्हणाला. तेच सहन होत नाही. ओरडला असता, फोन आपटला असता तर मी भांडले तरी असते.

मीच त्याला रोज हाताला धरून नेत होते. ऊन असलं तरी, त्याला कंटाळा असला तरी. चल, डॉक्टरांनी सांगितलंय, चल. मीच बरा केला त्याला. आणि बरा होऊन तो निघाला.

७ एप्रिल

रजा टाकली. रडून रडून डोळे सुजलेत, चष्मेवालीला काय तोंड दाखवू.

१० एप्रिल

ताई फोनवर तावातावाने बोलली. दुसरी कोणी असणार, शोध, फोन बघ त्याचा. नाही गं ताई. दुसरी असती तर मी तिच्या नावाने बोटं मोडली असती, तेवढाच आधार. त्याला कुणीच नको आहे, शांतता हवी आहे. शांततेशी कशी भांडू मी?

घरात दोघंच, आणि तो भांडीसुद्धा आवाज न करता ठेवतो.

१३ एप्रिल, रविवार

गेला. एक बॅग, एक पिशवी. दारात म्हणाला, जपून राहा. मी सकाळपासून मनात केवढं जुळवून ठेवलं होतं. म्हटलं काय, तर, डबा घेतलास ना? दार त्याने हळूच लावलं.

नंतर बेसिनवर गार्डची डबी दिसली. विसरला म्हणून मी चप्पल न घालता जिन्यावरून धावले. तो कोपऱ्यावर रिक्षेत बसत होता. डबी पुढे केली. तो म्हणाला, "राहू दे. लागत नाही आता."

डबी हातात घेऊन परत वर आले. शेजारीण बघत होती, तिला म्हटलं कामाला गेला. ती म्हणाली आज रविवारी? मी म्हटलं, हो, रविवारी.

१४ एप्रिल

संध्याकाळी पाय आपोआप टाकीकडे वळले. फाटकापर्यंत गेले आणि मागे फिरले.

२४ एप्रिल

चष्मेवालीने जेवताना माझा जबडा धरला. म्हणाली, इथे सूज आहे तुझ्या, आरशात बघ. बघितलं. दोन्हीकडे गाल कडक झालेत. सकाळी तोंड उघडताना कट् असा आवाज येतो, तो मी ऐकून न ऐकल्यासारखा करत होते. झोपेत मी दात खाते आहे!

तिने मला खुर्चीत बसवलं, माझ्याच दातांचा साचा घेतला. गार्ड ती करणार म्हणाली. मला हात लावू दिला नाही. "आणि उद्या डॉक्टरांकडे जा," म्हणाली, "नाहीतर मी ओढत नेईन." तोंडात साच्याचा लगदा होता म्हणून मला काही बोलता आलं नाही. डोळ्यांतून मात्र येत राहिलं. ती पुसत राहिली.

२५ एप्रिल

डॉक्टरांकडे गेले. आमच्या घरातलं त्यांना काहीच माहीत नाही. त्यांनी जबडा बघितला, नाडी बघितली, म्हणाले, गोळ्या नकोत, रोज तासभर झाडांत जा. मी म्हटलं, माहीत आहे, आणि तासभर अजिबात बोलायचं नाही.

ते हसले. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? उलट भरपूर बोला. तुमच्या मिस्टरांनाही मी हेच सांगितलं होतं, बायकोला बरोबर न्या, मनात साचलेलं सगळं तिच्याशी बोला."

मी बरं म्हटलं. फी दिली. तिथून सरळ तळ्यावर गेले, बाकावर माझ्या नेहमीच्या बाजूला बसले. आता बोलायला कुणाची ना नव्हती. तासभर बसले, एक शब्द फुटला नाही.