बरणी कोरडी करायची नाही

३ मार्च

परत पाठवलं साबणवालीनं! तेलाचं अख्खं खोकं! आणि वर फोन करून मलाच ऐकवते. "मावशी, तुमचं धुपाचं तेल घातलेला साबण लावला की गिऱ्हाइकांना खाज सुटते." म्हटलं, बाई, साबण तुझा, सोडा तुझा, खाज गिऱ्हाइकाची, यात माझं तेल कुठून आलं? तर म्हणे, "बिनवासाच्या साबणानं कुणाला काही नाही झालं." तोंड वर करून बोलते! काल-परवा साबण करायला शिकली. आम्ही धुपाचा डिंक उकळतोय तिच्या जन्माआधीपासून.

पण खरं ते लिहावं. मोठं गिऱ्हाईक हे एकच. ही गेली तर भट्टी थंड. मुलगा टपूनच बसलाय, शेड गॅरेजवाल्याला भाड्यानं द्यायची म्हणून.

४ मार्च

डोकं फिरलंय. सगळं नेहमीसारखंच केलं होतं. झाडाच्या सालीला चीर दिली की डिंक पाझरतो, वाळून त्याचे खडे होतात. ते कुटायचे, तांब्याच्या हंड्यात पाणी घालून चढवायचे. वाफ नळीतून येते, गार होते, पाण्यावर तेल तरंगतं. ते तेल थेट बाटलीत भरायचं नाही. आधी मोठ्या काचेच्या बरणीत. आणि ती बरणी कधी कोरडी करायची नाही! तळाला जुनं राखायचं, त्यावर नवं ओतायचं. विरजणासारखं. जुन्याच्या संगतीनं नवं मुरतं. माझ्या सासूनं मला हे पहिल्या दिवशी सांगितलं, मी सूनबाईला पहिल्या दिवशी सांगितलं. नियम म्हणजे नियम.

बरणीचं काम एरवी सूनबाईचं. यंदा ती ओल्या फरशीवर पाय घसरून पडली, हात प्लास्टरमध्ये. म्हणजे मीच ओतते, मीच गाळते, मीच शिव्या खाते. म्हातारपणी बढती मिळाली म्हणायची.

७ मार्च

नात आली. नोकरी प्रयोगशाळेत, म्हणजे दिवसभर बाटल्या हुंगायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. मी जन्मभर फुकट हुंगले.

आल्या आल्या बरणीत नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं. "आजी, याला रंगाच्या दुकानासारखा वास येतोय."

"मुरलंय ते."

"मुरलं नाही, नासलंय."

"तेल काय दूध आहे नासायला?"

"नासतंच. फक्त फाटलेलं दिसत नाही."

मग शिकवणी. धुपाचा तो पहिला, नाकात शिरणारा वास असतो ना, तो एका हलक्या द्रव्याचा. पायनीन की काय. नाव ऐकून कुणाच्या बाळाला हाक मारल्यासारखं वाटतं. त्याला हवा लागली की हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो, आणि मग जे तयार होतं ते कातडीला चावतं. "आजी, अर्धी बरणी तेलाची म्हणजे अर्धी बरणी हवेची. आणि तुझं विरजणाचं म्हणणं खरंच आहे. बिघडलेलं थोडं जरी तळाला राहिलं तरी ते चांगल्याला लवकर बिघडवतं."

मी म्हटलं, हो का. मग तुझ्या आईला विचार, ती भरते एरवी. बघ कधी तक्रार आली का. एकदाही नाही!

सूनबाई चहाचे कप उचलून आत गेली. एका हातानं. एक फुटलाच.

९ मार्च

नातीचं तोंड बंद होत नाही. आज भट्टीचा गाळ टाकायला निघाले तर म्हणे, "सांध्यांना गुण येईल असं काही असलंच तर ते या गाळात असतं. जड असतं, वाफेबरोबर वर चढत नाही. तेलात येतच नाही."

"मग मी गुडघ्याला इतकी वर्षं काय चोळते?"

"वास."

असं म्हणते! आजीला! आणि हसते वर. मी पण तेल चोळलंच, तिच्या नाकासमोर. गुडघा दुखायचा तो दुखलाच, पण मान राहिला.

१० मार्च

सूनबाई आज परत परत शेडच्या दारात. "आई, जरा बोलायचं होतं." म्हटलं, हात सांभाळ, इथं फरशी ओली आहे, दुसरा मोडला तर भाजी कोण चिरणार? भट्टी चढलेली असताना बोलायला वेळ कुणाला असतो.

१२ मार्च

नातीनं दोन बाटल्या नेल्या होत्या. एक बरणीतली, एक नळीखालची, ताजी. आज फोन. यंत्रानं डोंगर काढले म्हणे कागदावर, एकेका द्रव्याचा एकेक. ताज्या तेलात पायनीनचा डोंगर उंच. बरणीच्या तेलात तो खचलेला, आणि बाजूला भलत्याच टेकड्या उगवलेल्या. त्या चावणाऱ्या.

मी एकच विचारलं. "मग इतकी वर्षं कुणाला खाज का नाही आली? बरणी तीच, नियम तोच. सांग!"

म्हणते, "तेच मलाही कळत नाहीये, आजी."

कळणार कसं! फोन ठेवला आणि बरं वाटलं. पण साबणवाली ऐकायची नाही. तिला दाखवायला पुरावा हवा. डाव्या हाताला बरणीचं तेल चोळलंय, उजव्याला ताजं. दोन्ही हात दाखवीन तिला, स्वच्छ!

१३ मार्च

डावा हात लाल. डास चावला असणार.

१४ मार्च

डास नाही.

१५ मार्च

आज घरात महाभारत. नात सुट्टी काढून आली, माझा हात बघितला आणि थेट बरणीकडे निघाली. "ही आज रिकामी करायची. धुवायची, वाळवायची. यापुढे तेल निघालं की लहान बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून बूच."

मी बरणी कवटाळली. या वयात! "ही कधी कोरडी झालेली नाही! माझ्या सासूच्या हातचं तेल आहे हिच्या तळाशी!"

"म्हणूनच तर, आजी!"

"तुझी आजी मेली की कर काय करायचं ते!"

मुलगा म्हणाला, एवढा तमाशा कशाला, गॅरेजवाल्याला हो म्हणून टाकू. त्याच्याकडे मी असं बघितलं की गाडी पुसायला बाहेर गेला. गाडी धुतलेलीच होती.

साबणवालीचा निरोप आलाय, उद्या फोन करते, काय ते पक्कं सांगा. खाज कशानं आली ते कळलं आणि परत होणार नाही अशी खात्री असली तरच पुढचा माल घेईन. नाही तर राम राम. काय सांगू? माझ्याकडे लाल हात आहे आणि नातीकडे उत्तर नाही.

१६ मार्च

सूनबाई सकाळीच आली. उभी राहून एका दमात बोलली. "आई, ती बरणी दर हंगामाला कोरडी होते. मीच करते. धुते, उन्हात वाळवते, मग नवं भरते. पहिल्या वर्षी माझ्या हातांवर चट्टे उठले होते, तेव्हापासून. यंदा हात मोडला म्हणून राहिलं."

म्हणजे सासूचं तेल केव्हाच मोरीतून गेलं! आणि मी दरवर्षी त्या धुतलेल्या बरणीत नाक घालून मान डोलावते, वा, काय मुरलंय! ही पाठीमागे उभी राहून म्हणते, हो आई.

ओरडले. खूप ओरडले. चट्टे तेव्हा का नाही दाखवलेस म्हटलं, तर म्हणते, दाखवले होते.

फोन वाजायला लागलाय. मी उचलणार नाही. सूनबाईनं उचलायचा, तिचा एक हात धड आहे. साबणवालीला काय ते तिनंच सांगायचं. आणि आजपासून तेलाबद्दल कुणीही काही विचारलं, तर उत्तर तिनंच द्यायचं. मी विचारलं तरी.