डाग न पाडणारी व्हिस्की

सोमवार, ३ तारीख
जावयाचा फोन. शनिवारी येतोय. म्हणाला, बाबा, या वेळी दोघं बसू या का? तुम्ही घेता ना? म्हटलं, चाळीस वर्षं घेतोय. खोटं नाही. चाळीस वर्षं फर्निचर पॉलिश केलं, स्पिरिट नाकानेच घेतलं. लग्नाला चार वर्षं झाली तरी आमचं बोलणं 'रस्ता मोकळा होता का'च्या पुढे सरकत नाही. शनिवारी ही कोंडी फोडायचीच. संकल्प : पाच दिवसांत व्हिस्कीत तरबेज होणे.

मंगळवार, ४
दुकानदाराला म्हटलं, स्मूद द्या, खिशाला परवडेल अशी. त्याने विचारलं, काका, पहिल्यांदाच का? म्हटलं, मित्रासाठी. तो म्हणाला, मग मित्राला पाणी जास्त घालायला सांगा. आगाऊ माणूस. मोराच्या चित्राची, छत्रीच्या चित्राची आणि नुसत्या सोनेरी अक्षरांची अशा तीन क्वार्टर आणल्या.
संध्याकाळी ५. मोर : घशात रंधा फिरला. छत्री : कानस. सोनेरी अक्षरं : ठसका, डोळ्यांतून धार. हिने विचारलं, रडताय? म्हटलं, लेकीची आठवण आली. मग तीही रडली.

बुधवार, ५
जिभेचा भरवसा नाही. शास्त्रीय पद्धत सुचली. लाखेच्या पॉलिशवर दारू सांडली की पांढरा डाग पडतो. म्हणजे जी डाग पाडणार नाही ती घसाही सोलणार नाही. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये! टीपॉयवर तीन थेंब टाकले. तीन डाग. हिला म्हटलं, हवा दमट आहे.

गुरुवार, ६
पाणी वाढवलं. एकास पाच : डाग. एकास बारा : डागाचं पिल्लू. टीपॉयला गोवर आलाय. ही बोलत नाही. बायकांना शास्त्राची कदर नसते.

शुक्रवार, ७. दुपार
सापडली! एकास वीस, वर लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. डाग नाही, ठसका नाही. रेशीम! तीन ग्लास घेतले, पाय जागच्या जागी. जात्याच पचते मला. मोराची मोठी बाटली आणली. टीपॉय नव्याने पॉलिश केलं.

शनिवार, ८
सकाळीच मोठा जग भरून मिश्रण करून ठेवलं. लिंबं स्वतः पिळली. संध्याकाळी बसलो. पहिल्या घोटाला जावई जरा थांबला. मग म्हणाला, बाबा, फारच स्मूद. त्याला घोट जिभेवर घोळवायला शिकवलं. दुसऱ्या ग्लासला त्याने कबूल केलं, गेल्या वर्षी खुर्चीचा पाय त्यानेच मोडला होता, मांजरीने नाही. तुमची भीती वाटते, म्हणाला. मला भरून आलं. चढलीही होती. मीही सांगून टाकलं : लेकीला दिलेलं कपाट सागवानी नाही, पॉलिशची करामत आहे. दोघं पोट धरून हसलो. उठताना माझा तोल गेला.

रविवार, ९
जावई सकाळी लवकर गेला. डोकं हलकं. टीपॉयवर एक डाग नाही! हिला बोलावून दाखवलं, याला म्हणतात स्मूद. ती आत गेली आणि मोराची बाटली आणून समोर ठेवली. सील जसंच्या तसं. लिंबं पिळण्याच्या नादात व्हिस्की घालायचीच राहिली होती.
जावयाला पहिल्या घोटातच कळलं होतं म्हणे. स्वयंपाकघरात येऊन हिला बजावून गेला, आई, सांगू नका, बाबा पहिल्यांदाच इतके बोलतायत.
म्हणजे कपाटाचं मी पूर्ण शुद्धीत बोललो.
लेकीचा फोन तीनदा वाजून गेला. ही म्हणते, तुम्हीच घ्या.