अकरा पाट्यांवरची आई

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी एक पाप केलं. आंघोळ झाली, देवाचं नाव घेऊन झालं, आणि रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत शिडी लावून मी आईच्या हनुवटीवरचा तीळ पुसून टाकला.

घाबरू नकोस. आई तुझ्याकडेच आहे आणि तिचा तीळही जागच्या जागी आहे. मी पुसला तो पाटीवरचा.

आईला डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडे आणतेस, फार बरं वाटलं. पण पुढे विचारलंस की तुमच्या उपनगरात बाहेर जेवायला चांगलं कुठे मिळतं, हॉटेलांच्या पाट्या तूच रंगवतोस, तुला ठाऊक असेल. घोटाळा नेमका तिथेच आहे.

चार वर्षांपूर्वी स्टेशनाजवळच्या एका हॉटेलवाल्याने ‘आजीच्या हातची चव’ अशी पाटी मागितली, वर आजीचं चित्र. मी म्हटलं, तुमच्या आजीचा फोटो द्या. त्याने दिला. बाई अशी रोखून बघत होती की आलेलं गिऱ्हाईक उपाशी परत जावं. मला पाठ असलेला म्हातारा चेहरा एकच. तो काढला. चष्मा, अंबाडा, तीळ. हॉटेल धो धो चाललं. मग दुसरा मालक आला, तिसरा आला. प्रत्येकाला ‘तीच आजी’ हवी. आज आपली आई या उपनगरात अकरा दारांवर बसून हसते आहे.

आपली आई, अक्का! जिचा भात खालून करपलेला आणि वरून कच्चा असायचा! बाबा जेवणाआधी डोळे मिटून, हात जोडून किती वेळ बसायचे, आठवतं? मी ती भक्ती समजायचो. पुढे कळलं की ते धीर गोळा करत असत. मी मात्र तेवढ्यावर खरी भक्ती शिकून बसलो.

तीळ पुसला की ओळख पटणार नाही, ही माझी अक्कल. दुपारच्या आत मालकाचा निरोप आला. गिऱ्हाईकं विचारत होती की आजी बदलली का, मग चवही बदलली असणार. दोघे तर पाणी पिऊन उठून गेले. संध्याकाळी तीळ पुन्हा लावून आलो.

जन्मभर तिने स्वयंपाकावरून बोलणी खाल्ली. आता पोटच्या मुलाने आपली थट्टा अकरा ठिकाणी टांगली, असं तिला वाटलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तिचे डोळे बरे व्हावेत म्हणून रोज हात जोडतो, आणि बरे झाले की त्यांना काय दिसेल, तेही जोडतानाच आठवतं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुमचा फोन कायम आईच्या कानाशी. म्हणून पत्र. तिला काही सांगू नकोस.

माया आहे तशी राहू दे, मी मात्र जरा सुधारण्यासारखा आहे.

तुझा,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की हे पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. आतून आईने विचारलं, काय झालं गं. मी म्हटलं, धाकट्याने विनोद लिहिलाय. ती म्हणाली, त्याला विनोद कधी जमला नाही, नीट वाच, काहीतरी अडचण असेल.

मग माझं हसू ओसरलं. अरे, अकरा दारांवर तिला बसवलीस आणि तुझ्या स्वतःच्या दारात ती सहा वर्षांत आली नाही. दरवेळी तुझं एकच, जागा लहान आहे. पाटीवर बरी ऐसपैस जागा निघाली तिच्यासाठी! राग मानू नकोस, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी तिच्याशी खोटं बोलणार नाही आणि तुझं खरंही मी सांगणार नाही. तिला कळायचं ते तुझ्याच तोंडून. पट्टी सुटायच्या आधी की नंतर, ते तुझं तू बघ.

आणि जेवायचं कुठे, ते तू लिहिलंच नाहीस. चोवीस वर्षं पाट्या रंगवतोस, आत जाऊन जेवलास का कधी? डबा घेऊन फिरतोस, हे भावजयीने मला केव्हाच सांगितलंय.

रागावले तरी जीव तुझ्यातच आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
अक्का


ता. २ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू परत गेलीस त्याला सहा दिवस झाले. आईचा डोळा छान आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की परवा पट्टी निघेल. तोवर दुसऱ्या डोळ्यावरही काळा चष्मा. त्या चष्म्याला मी मनातून किती नमस्कार केले, ते देवालाच माहीत. दवाखान्यातून घरी येताना रिक्षावाल्याला चार गल्ल्यांचा वळसा घालायला लावला. वर आई विचारते, तुमचं घर इतकं लांब कधी गेलं?

सून रजा काढून माझ्यासाठी राबते, मला संकोच वाटतो, एकदा बाहेर ने, असं आई धरून बसली. आईचं चित्र नसलेली हॉटेलं शोधली, तर ती सगळी नवी आणि टोलेजंग. एकात गेलो. आत खोटी विहीर. पाणी नाही, तळाशी निळा दिवा. भिंतींचा गिलावा मुद्दाम पाडलेला. असलाच पडका गिलावा लिंपण्यात बाबांचा जन्म गेला, हे मी तिथे कुणाला सांगणार! दारावर ‘घरच्यासारखे जेवा’, आणि टेबलावर सूचना की दीड तासात जागा रिकामी करावी. घरच्यासारखं म्हणजे अगदी आपल्या मामाच्या घरच्यासारखं.

पदार्थांची यादी फोनमध्ये उघडायची. आई म्हणाली, तूच वाच. मी वाचत गेलो. पाचव्या मिनिटाला तिने विचारलं की हे जेवण आहे की कुणाची वंशावळ. मग ताट आलं, गाडीच्या चाकाएवढं, आणि मधोमध चमचाभर भाजी. आईने बोटांनी ताट चाचपलं आणि वाढप्याला म्हणाली, सांडलेलं राहू दे बाबा, आता जेवायला वाढ.

पण एक नवल झालं. भाताचा एक घास घेऊन तिने सांगितलं की हा कालचा आहे, वाफ देऊन उठवलाय. वाढप्याने आधी कानावर हात ठेवले, मग वाकून हळूच कबूल केलं. अक्का, आईला चव कळते! पन्नाशीला आलो तरी मला हे माहीत नव्हतं.

अजून सांगितलेलं नाही. घास तोंडात असताना कसं सांगू? पट्टी सुटली की सांगतो.

आशीर्वाद थोडा जास्तीचा पाठव, या खेपेला लागणार आहे.

तुझा,
धाकटा


ता. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पट्टी सुटून चार दिवस झाले. काल आईशी फोनवर बोलले. म्हणाली, धाकटा मला घराबाहेर पडू देत नाही, ऊन लागेल म्हणतो, आणि बाहेर तर ढग आहेत. आता डोळ्यांनी ढगही दिसतात तिला. आज सांग. उद्या नको.

तुझी काळजी करून थकलेली,
अक्का


ता. ५ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी तिला स्टेशनाजवळच्या पहिल्या पाटीखाली नेऊन उभी केली आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. ती कपाळावर हात धरून वर बघत राहिली. मग विचारलं, आत रांधतं कोण? मी तर नाही ना? मी माफी मागायला लागलो, तर म्हणाली की माफीचं मागाहून बघू, आधी जेवू. माझं तोंड दाखवून लोकांना काय खाऊ घालतात, ते मला कळायला हवं.

मग रोज एक, असं करत आम्ही अकराही ठिकाणी जेवलो. दहा ठिकाणी एकच चव. कारण एकाच कारखान्यातून पिशवी येते आणि आत ती कापून गरम करतात. ती पिशवी कापायची कात्री, तीच काय ती आजी. मी बाहेर पाट्या रंगवतो आणि आत ते पाट्या टाकतात, एवढाच आमच्यात फरक. मी आईला विचारलं, तुला इतकं बारीक कसं कळतं गं? म्हणाली, माझं रांधलेलं तुझे बाबा बेचाळीस वर्षं जेवले, तसं मीही जेवले ना रे? वाईट कसं असतं, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? जमलं नाही म्हणजे कळत नव्हतं असं नाही. अक्का, मला मान वर करवेना. अपमान पाटीने झाला नव्हता, तो आपण दोघं पोरवयापासून करत आलो होतो.

अकरावं हॉटेल बस डेपोच्या मागे. सहा टेबलं. तिथे आईने भात दुसऱ्यांदा मागून घेतला. नंतर स्वयंपाक्याला बोलावलं. टक्कल पडलेला, जाड मिशांचा माणूस, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. एकोणीस वर्षं पहाटेपासून चुलीशी उभा आहे. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ही पाटी आधी पूस. मी म्हटलं, अगं, इथे तर जेवण चांगलं आहे. ती म्हणाली, म्हणूनच. बाकीचे दहाजण माझ्या तोंडावर त्यांचं खोटं विकतात. इथे मी या माणसाचं खरं चोरते आहे.

दहा पाट्या आठवड्यात पुसल्या. मालकांनी शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. दोघांनी लगेच छापील आजी लावली, बत्तीसच्या बत्तीस दात असलेली. डेपोमागची मात्र हातून होईना. त्या मालकाचं माझ्याकडे जुनं, बाराही महिन्यांचं काम. तो म्हणाला, टकल्याचं तोंड बघून आत कोण येईल? चार दिवस शिडी घरातून निघाली नाही. या वयात काम गमवायचं म्हणजे भीती वाटते, उगाच मोठेपणा कशाला सांगू. आई मात्र रोज सकाळी फक्त शिडी पुसून ठेवायची.

आज गेलो. देवाचं नाव घेतलं आणि पाटीवरची आई पुसली. स्वयंपाकी हात धुऊन समोर उभा राहिला, पाच मिनिटांत भात लागेल म्हणून आत पळाला, पुन्हा आला. असं चारदा झालं. टक्कल काढलं, मिशा काढल्या, कोपरापर्यंतचे डागही काढले. ‘आजीच्या हातची चव’मधलं ‘आजीच्या’ पुसून ‘यांच्या’ लिहिलं. मालक बघत होता. रागावलाय, पुढचं काम देईल असं वाटत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. उपनगरात जेवायचं तर डेपोमागे. पाटीवर टक्कल दिसलं की आत शिरायचं. आई आणखी दोन महिने इथेच राहणार म्हणते. तिच्या मते आमची जागा लहान नाही, सामान फार आहे. निम्मं तिने काढायला लावलंय.

मी शिडीवरून उतरलो तेव्हा स्वयंपाकी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाटीकडे बघत उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, याच्या आईला कुणीतरी कळवा रे. पत्ता त्याच्याकडून घेतलाय. हे पत्र संपलं की ते लिहायला बसतो.

लोभ कमी झाला असेल तर तो आईकडून भरून घेईन म्हणतो.

तुझा,
धाकटा