हे दुकान कोणाचं?

अमरावती,
२० फेब्रुवारी २०२६

चि. गोपाल यास,

ताईचे आशीर्वाद. दामिनीला आणि लेकीला, करिश्मालाही सांग. इकडे सगळं बरं आहे. कंबर सोडली तर मीही बरी आहे.

आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी बातमी सांगते, मग हवं तेवढं रागव. मला क्रेडिट कार्ड मिळालं! आपल्याच बँकेचं, माझ्या नावाचं. वर छापलंय, रागिणी चंद्रभान होले. आबांचं नाव त्यावर बघून मी ते शेजारच्या नारळवाल्या दुर्गाबाईला तीनदा दाखवलं. तिने नारळ फोडला आणि पैसे घेतले नाहीत. दुर्गाबाईला तू ओळखतोस, तेव्हा हे केवढं झालं ते समजून घे.

धंदा जोरात आहे. शिवरात्रीचा बेल दुपारपर्यंत संपला. त्याच्या आदल्या दिवशी गुलाब. पोरं एका फुलाचे चाळीस देतात आणि घासाघीस करत नाहीत.

मला कार्ड कशाला हवं होतं, हे तू कधी विचारलं नाहीस. लग्नाच्या ऑर्डरींसाठी. जरबेरा बाहेरून मागवायचा तर पैसे आधी द्यावे लागतात, आणि नवरीचा बाप देतो मांडव उतरल्यावर. मधल्या दिवसांत मी काय करायची? "गोपाल, वीस हजार टाक." माझ्याच कष्टाचे पैसे आणि मागायचे मीच, कारण दुकानावरचं स्कॅनरचं स्टिकर तुझ्या खात्याचं. सात वर्षांपूर्वी तुझ्याकडे चांगला फोन होता, माझ्याकडे बटणांचा, म्हणून ते लागलं ते लागलं. अंबादेवीच्या रस्त्यावर हार मी गुंफायचे आणि टिंग अकोल्यात वाजायचं.

गेल्या मे महिन्यात आपल्या बँकेत पहिला अर्ज केला. नामंजूर. मी चक्रावलेच. जन्मात कोणाचा रुपया बुडवला नाही, कर्ज काढलं नाही, मग मला नाही तर कोणाला देणार? रागाच्या भरात त्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज टाकले. तिथेही तेच. शेवटी आपल्या बँकेतल्या संध्या मॅडमनी मला समोर बसवलं.

"ताई, तुमच्या खात्यात काहीच येऊन नाही राहिलं. बँकेसाठी तुमचा धंदाच नाही. कर्ज कधी घेतलं नाही, मंग तुमी फेडता का नाही हे आमाले कसं समजावं? अन् हे चार अर्ज कावून टाकले? सगळ्याची नोंद होते. चार दारं वाजवून आलेल्याले पाचवा आधीच कडी लावते."

ठेव ठेवली तर कार्ड लगेच मिळेल, असंही त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. मला ते माझ्या धंद्यावर हवं होतं.

मग त्यांनी आवाज खाली करून आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी तुला आजवर बोलले नाही. अर्जात ओळखीचा माणूस म्हणून मी तुझा नंबर दिला होता. बँकेचा फोन आल्यावर तू म्हणालास, "दुकान माहं आहे. ताई नुसती बसते तिथं."

नुसती बसते! पहाटे चारला फुलबाजारात कोण जातं रे? तुझ्या गाडीचं कर्ज चुटकीसरशी पास झालं ते कशाच्या जोरावर? माझ्या शेवंतीच्या. फार लागलं मला ते, गोपाल.

त्याच दिवशी मी देठ कापायच्या सुरीने तुझं स्टिकर खरवडून काढलं. तुला न विचारता. तेव्हापासूनच तू अबोला धरलास. न विचारणं ही माझी चूक. विचारायला हवं होतं. काढल्याचा पस्तावा मात्र नाही, तेही लिहून ठेवते.

पुढे मॅडम सांगतील तसं वागले. नवा फोन, माझं स्टिकर, रोख येईल तीही खात्यात. दुकानाची नोंदणी केली, रिटर्न भरलं. फुलांसाठी फ्रिज हप्त्यांवर घेतला आणि एकही हप्ता तारखेपुढे जाऊ दिला नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे सहा महिने कुठेही अर्ज नाही. माझा धीर तुला माहीत आहे!

जानेवारीत पुन्हा अर्ज भरला. ओळखीच्या माणसाच्या रकान्यात पुन्हा तुझाच नंबर लिहिला. दुर्गाबाईने कपाळावर हात मारला. "येडी झाली का तू? माहा दे ना! त्याचा काहून?" मी तिला उत्तर दिलं नाही, तुला देते. तिच्या नंबरावरही कार्ड मिळालं असतं. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

या महिन्याच्या चार तारखेला संध्या मॅडमचा फोन आला. "मंजूर झालं, ताई. तुमच्या भावाले मीच फोन केला होता. दुकान कोणाचं, इचारलं. म्हणे, ताईचं. पहाटे फुलं आणायले तीच जाते. मी बारा वर्षांत दोनदा गेलो असन, त्यात एकदा टेम्पोतच झोपलो."

मी झेंडूच्या ढिगाशी बसून गिऱ्हाइकांसमोर रडले आणि मग हसत सुटले. एक माणूस घाबरून सुट्टे न घेताच गेला. अरे, हे बँकेला सांगतोस आणि मला नाही?

परतवाड्याच्या लग्नाची मोठी ऑर्डर कालच घेतली. जरबेऱ्याचे पैसे कार्डाने भरले, तुला फोन न करता. बिलही तारखेआधी भरीन.

आता एकच राहिलं. गेल्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. बीजेचा चंद्र लवकर बुडतो, म्हणून तुझी जास्त वाट बघता आली नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं.

येत्या रविवारी दामिनी-करिश्माला घेऊन ये. दिवाळीपर्यंत कोण थांबतो? मी पाट मांडते. ताटात काही टाकू नकोस. माझी ओवाळणी मला चार तारखेलाच पोचली.

तुझी,
ताई