कोनोकार्पसवर ठेवलेला विश्वास

१६ ऑक्टोबर १९९२, शुक्रवार
मनामातला फ्लॅट सुटला. आजपासून बुदैयाला, स्वतंत्र घर. भाड्याचं का होईना, पण तळमजला, आणि पुढे अंगण! घरमालक अबू जासिम म्हणाला, अंगणात पाहिजे ते लाव, मफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही.

संकल्प: लँडस्केप गार्डन करणार. इथली माणसं मिळेल ते रोप मिळेल तिथे खुपसतात. मी कंपनीत स्टोअर सांभाळतो, सिस्टीम माझ्या रक्तात आहे. ग्राफ पेपरवर प्लॅन काढला. मधे लॉन, कडेने गुलाब, कोपऱ्यात हापूस. बायकोला, मथुराला दाखवला. तिने विचारलं, कोथिंबीर कुठे? सांगितलं, लँडस्केपमध्ये कोथिंबीर नसते. ती गप्प झाली. पटलं असावं.

२७ नोव्हेंबर १९९२
गुलाब आणले. नर्सरीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, ये तो बहरीन का क्लायमेट का ही गुलाब है. लॉनचं बी पेरलं. चिमण्या, साळुंक्या बघायला आल्या होत्या. निसर्गाला आपलं काम लगेच कळतं.

४ डिसेंबर १९९२
लॉनचं बी चिमण्या, साळुंक्यांनी खाल्लं.

१५ जानेवारी १९९३
अलीमियाँ रजेवरून परत आला. हा रत्नागिरीकडचा, मी चिपळूणचा. बहरीनमध्ये उतरलो त्या आठवड्यापासूनचा माझा दोस्त. मनामात एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क आहे, राहतो सनाबिसला. त्याने कपड्यांत गुंडाळून हापूसचं कलम आणलं. एअरपोर्टवर कोणी बॅग उघडली नाही, हे माझं नशीब. त्याची बायको आमिनाभाभी म्हणाली, भाऊजी, ह्याचे सगळे सदरे चिकाने खराब झाले. मी म्हटलं, भाभी, आंबे लागले की पहिली पेटी तुमच्याकडे.

२ एप्रिल १९९३
गुलाबाची पानं कडेने करपली. मथुरा म्हणते नळाचं पाणी खारट आहे, चव घेऊन बघा. पाण्याची चव मी बघायची? नर्सरीवाल्याने फसवलं आहे, एवढंच.

३० एप्रिल १९९३
गुलाब खलास. हापूसही खलास. अलीमियाँला स्पष्ट सांगितलं, कलम तू बॅगेत आडवं ठेवलंस. तो म्हणाला, "अरे बाबा, विमानात उभं धरून बसलो असतो तर मलाच उतरवलं असतं." विनोद सुचतात लोकांना.

७ मे १९९३, शुक्रवार
नर्सरीत जाऊन भांडलो. हिंदीत भांडायला मजा येत नाही, तरी भांडलो. शेवटी त्याने गप्प बसवायला एक रोप फुकट दिलं. नाव कोनोकार्पस. म्हणाला, ये मरेगा नहीं. हा माणूस गुलाबाबद्दलही असंच बोलला होता. ठेवायचं म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावलं.

१३ ऑगस्ट १९९३
बाहेर पाऊल टाकवत नाही. गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं. आणि कोनोकार्पस हिरवागार! माझ्या खांद्याला आला. रोज सकाळी त्याच्याजवळ उभा राहून चहा घेतो. या देशात मला समजून घेणारं कोणीतरी भेटलं.

संकल्प: प्लॅन बदलला. लँडस्केप म्हणजे गर्दी नव्हे. एकच झाड, पण व्यक्तिमत्त्वाचं.

११ फेब्रुवारी १९९४
झाड भिंतीवरून बाहेर बघतं. फांद्या तोडून रोपं केली, सगळी लागली. मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला बायकांसोबत पुरुषही होते, तेव्हा चार शब्द बोललो. विषय: वाळवंटात हिरवाई. टाळ्या पडल्या. रोपं वाटली. सगळ्यांत तजेलदार रोप अलीमियाँसाठी बाजूला ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी स्वतः सनाबिसला जाऊन लावून आलो. तो म्हणत होता गेटपाशी लावू. मी म्हटलं, नको, बाथरूमच्या भिंतीला लाव, आयती ओल मिळेल. अशा गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत.

१८ नोव्हेंबर १९९४
झाड गच्चीला लागलं. हॉलमध्ये थंड सावली येते. अबू जासिमसुद्धा थांबून बघून गेला. डोकं हलवत होता. कौतुकाने.

६ ऑक्टोबर १९९५
स्वयंपाकघराचं सिंक तुंबलं. प्लंबर गनीला बोलावलं. त्याने स्प्रिंग घातली, ओढली, मथुराकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, मैडम चावल डालती है. मला वाटलंच होतं.

मथुरा म्हणाली, मी भाताचं शीतसुद्धा टाकत नाही. मग हे शीत का स्वर्गातून येतं? सिंकवर कागद चिकटवला: येथे भात टाकू नये.

२४ नोव्हेंबर १९९५
परत तुंबलं. घरात शिस्तच नाही. गनीने परत तेच सांगितलं. एका प्रामाणिक माणसाचं मत दोनदा एकच येतं. मथुरा आता भांडी अंगणात बादलीत धुते आणि पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतते. असं आधीच केलं असतं तर एवढं बोलावं लागलं नसतं. झाडाला फायदाच आहे. नवी पालवी काय फुटली आहे!

२१ फेब्रुवारी १९९६
ईद. सहकुटुंब सनाबिसला गेलो. गाडीतून उतरल्या उतरल्या बाथरूमच्या भिंतीकडे बघितलं. झाड नाही. बुंधा कापलेला, वर सिमेंट.

अलीमियाँला विचारलं, हे काय? तो गडबडला. म्हणाला, "घरमालकाने कापायला लावलं रे. पाइपात काय झालं होतं... जाऊ दे, ईदच्या दिवशी कशाला." मी म्हटलं, माझ्या हाताने लावलेलं झाड, मला फोन तरी करायचास! मी येऊन मालकाला समजावलं असतं. तो नुसता खाली बघत राहिला. गुन्हेगार खाली बघतो.

आमिनाभाभी मथुराला आत घेऊन गेली. दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. बायकांना बोलायला विषय लागत नाही.

शीरखुर्मा खाल्ला. दोन वाट्या खाल्ल्या, पण मनापासून नाही.

संकल्प: अलीमियाँशी संबंध संपले. इतक्या वर्षांची दोस्ती आणि पाठीत खंजीर, तोही करवतीच्या रूपात.

१ मार्च १९९६
अलीमियाँचा फोन आला. घेतला नाही. मथुराने घेतला. आत जाऊन बोलली. म्हणाली, ते तुमची चौकशी करत होते. मी म्हटलं, झाडाची केली का?

१९ एप्रिल १९९६
सिंक गेलं, आता बाथरूमचं पाणीही जात नाही. आज तोल गेला. मथुराला म्हटलं, तुझ्या आईने तुला मोरी कशी वापरायची हे शिकवलं नाही का? गावच्या विहिरीवर वाढलेली माणसं. स्वप्नाली आतून ओरडली, बाबा, स्टॉप इट! इंग्लिश शाळेत घातल्याचा परिणाम.

मथुरा खिडकीबाहेर झाडाकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "हो. माझंच चुकलं असेल."

शेवटी कबूल केलं. जिंकल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. उकाड्यामुळे वाटलं नसावं.

१४ जून १९९६
मथुरा आणि स्वप्नाली सुट्टीवर चिपळूणला, तिच्या भावाकडे. मला रजा नाही. एअरपोर्टवर मथुरा म्हणाली, झाडाला पाणी जास्त घालू नका. मी म्हटलं, मला सांगतेस? रोज दुप्पट घालणार आहे.

संकल्प: आता घरात भात शिजणारच नाही. बाहेर जेवायचं. ड्रेनेज कसं स्वच्छ राहतं ते तिला आल्यावर दाखवायचं.

१२ जुलै १९९६, शुक्रवार
सिंक तुंबलं.

घरात चहाशिवाय काही होत नाही. दोनदा विचार केला. हा जुना भात असणार. वर्षानुवर्षं साचलेला भात उन्हाळ्यात फुगतो.

१९ जुलै १९९६
बाथरूममधून उलटं पाणी आलं. चप्पल तरंगत हॉलमध्ये गेली. गनीला बोलावलं. तो म्हणाला, मैडम को बोलो चावल... मी म्हटलं, मैडम इंडियात आहे. त्याने हातातली स्प्रिंग खाली ठेवली. मग म्हणाला, आप डालते हो?

हाकलून दिलं. माझ्यावर आळ घेतो!

२६ जुलै १९९६
अबू जासिम स्वतः माणसं घेऊन आला. चेंबरचं झाकण निघेना, पहार लावून काढलं. आत पाणी नव्हतंच, जागाच नव्हती. आतून मुळांचा एवढा जाड दोर निघाला, माणसं ओढतायत, येतोच आहे, येतोच आहे. केसाच्या वेणीसारखा विणलेला, पाइपाच्या आकाराचा. फरशीखाली गेलेला. भिंतीच्या पायापर्यंत गेलेला. भाताचं एक शीत नाही.

अबू जासिमने तो दोर माझ्या पायाशी टाकला. म्हणाला, "ये तुम्हारा शजरा, तुम्हारा पेड. मैं दो साल से देखता है. बोलने को आया, तुम बोला कितना अच्छा है. मैं क्या बोलेगा? खलास. काटो."

ज्याला मी चहा पाजला नाही एवढंच बाकी होतं, त्याने आतून हे केलं. वरून सावली, खालून हा उद्योग. आजवर सगळ्यांवर संशय घेतला. त्याच्यावर कधीच नाही.

२ ऑगस्ट १९९६, शुक्रवार
सनाबिसला गेलो. बाहेर गाडीत बसून होतो. अलीमियाँच बाहेर आला, दार उघडून शेजारी बसला. ईदनंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, करवत आहे का तुझ्याकडे? त्याने काही विचारलं नाही. आत गेला, करवत आणि सरबताचा थर्मास घेऊन आला.

दोघांनी मिळून कापलं. तो वर चढला, मी खालून फांद्या ओढल्या. शेवटचा बुंधा मला कापायचा होता, पण घाम डोळ्यांत गेला, त्यानेच कापला. मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, "सांगायला आलो होतो रे, ईदच्या आधी. तुझ्या घरी. तू मला हात धरून झाडाखाली नेलंस आणि म्हणालास, बघ, ह्याने मला फसवलं नाही. मग माझ्या तोंडातून काय निघणार?"

मला असं काही म्हटल्याचं आठवत नाही. म्हटलं असेन तर ओघात म्हटलं असेन.

मंडळींकडची बाकीची झाडं? अलीमियाँने सांगितलं, सगळ्यांनी मागेच कापली. सगळ्यांनी. माझ्यासमोर कोणी बोललं नाही. भेटल्यावर विचारत होते, महादेवराव, झाड कसं आहे? मी तासभर सांगत होतो. ते ऐकत होते.

९ ऑगस्ट १९९६, शुक्रवार
चिपळूणला फोन लावला. आधी वाटलं, ड्रेनेजचा प्रॉब्लेम मी सोडवला, असं सांगावं. तसंच सांगितलं. मथुरा विचारते, "झाड कापलं का?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, ईदला आमिनाभाभीने सांगितलं, त्यांच्या पाइपात मुळं निघाली होती. मी म्हटलं, म्हणजे फेब्रुवारीपासून तुला माहीत होतं? मग एप्रिलमध्ये मी एवढा बोललो, तुझ्या आईपर्यंत गेलो, तू तुझंच चुकलं म्हणालीस! का?

लाइनवर खरखर होत होती. ती म्हणाली, "तुमचं एवढं एकच लागलं होतं हो. सकाळी चहा घेऊन त्याच्यापाशी उभे राहायचात. म्हटलं, भाताचं नाव आहे तर भाताचं असू दे."

विश्वासघात. घरमालकाने केला, दोस्ताने केला, मंडळींनी केला, आता घरच्या माणसानेही. सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं. मला फार राग आला. फोन ठेवल्यावर सिंकवरचा तो कागद काढायला गेलो. नखाने खरवडावा लागला. अक्षरं निघाली, गोंद राहिला.

१६ ऑगस्ट १९९६
अबू जासिमने अंगणात सिमेंट ओतलं. हॉलमध्ये ऊन येतं. सोफ्याचा रंग मूळचा एवढा भडक होता हे माहीत नव्हतं. सकाळचा चहा आतच घेतो.

संकल्प: नाही.

३० ऑगस्ट १९९६, शुक्रवार
विमान वेळेवर आलं. मथुरा आणि स्वप्नालीला घ्यायला एअरपोर्टला गेलो. माफी कशी मागायची याची वाक्यं तयार केली होती, पण सामान भरण्यात वेळ गेला. सबंध रस्ताभर अंगणातल्या सिमेंटबद्दल बोलत होतो. किती स्वच्छ, किती सोपं, झाडलोट नाही. मथुरा "बरं झालं" म्हणत होती.

आमच्या गल्लीत शिरलो आणि सरळ पुढे गेलो. स्वप्नाली मागून म्हणाली, "बाबा, यू मिस्ड अवर हाउस."

मागे वळून बघितलं. सगळ्या भिंती सारख्याच, त्यातली आमची कुठली, पटकन कळेना. म्हटलं, समोरून ऊन डोळ्यांवर आलं.

सकाळची वेळ. आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो, ऊन पाठीमागे होतं. हे माझ्या नंतर लक्षात आलं. मथुराच्या तेव्हाच आलं असणार. ती म्हणाली, "हो ना, काय ऊन आहे." आणि हात लांब करून तिने माझ्यासमोरची उन्हाची झडप खाली केली.